लोहाच्या वाटेनं आत

चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या चुनखडीच्या रानात उसाची कोवळी पानं पिवळी-पांढरी पडली की शेतकरी म्हणतो, केवडा पडला. मग फेरस सल्फेटची फवारणी होते आणि पानं पुन्हा हिरवी होतात. खरं तर त्या मातीत लोह भरपूर असतं. पण चुन्यामुळं ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून मुळांना ते उचलता येत नाही. हीच अडचण त्या मातीतल्या जिवाणूंचीही असते. त्यांनी माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी त्यावर तोड काढली. सिडेरोफोर नावाचे छोटे रेणू ते बाहेर सोडतात. हे रेणू लोह घट्ट पकडतात आणि जिवाणूच्या आवरणावरची ठरावीक दारं त्यांना लोहासकट आत घेतात. जळगावच्या विद्यापीठात प्रा. एस. बी. चिंचोलकर यांनी या रेणूंचा अभ्यास केला आणि अजित वर्मा यांच्यासह त्यावरचा ग्रंथ २००७ मध्ये संपादित केला. मूळकुजीवर आपण जमिनीत जे स्यूडोमोनास सोडतो, त्याच्या ताकदीचा एक भाग हाच आहे. ते लोह ओढून घेतं आणि बुरशी उपाशी राहते.

हे शेतीचं सदर नाही. पण आयसीयूत आज जी लढाई चालू आहे, तिचं मूळ याच लोहाच्या भुकेत आहे.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण तीन ते चार ग्रॅम लोह असतं. त्यातलं बहुतेक रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं, उरलेलं यकृतासारख्या ठिकाणी साठवलेलं. मोकळं लोह शरीर जवळजवळ कुठंच ठेवत नाही, कारण ते जंतूंना हवं असतं. संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक वाढवतं आणि लोहाची वाट आणखी आवळतं. त्यावर ई. कोलाय आणि क्लेबसिएला हे जंतू एंटरोबॅक्टिन नावाचा सिडेरोफोर सोडतात. १९७० मध्ये सापडलेला हा रेणू लोहाला इतकं चिवट धरतो की आपल्या प्रथिनांच्या हातातलंही काढून घेतो. तो पकडायला आपलं शरीर आणखी एक प्रथिन सोडतं, तर काही जंतू एंटरोबॅक्टिनवर साखर चढवून तेही चुकवतात. (हे वाचून कुणा गरोदर बाईनं लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. रक्तक्षय हा आपल्याकडचा फार मोठा धोका आहे. गंभीर संसर्गात शिरेतून लोह द्यायचं की थांबायचं, हे डॉक्टर ठरवतात.)

आता प्रतिजैविकांची अडचण पाहा. क्लेबसिएला, रोग करणारे स्यूडोमोनास, अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जंतूंना दुहेरी आवरण असतं. औषध आत येतं ती छिद्रं ते कमी करतात, आलेलं औषध पंपानं बाहेर फेकतात आणि उरलेलं विकरांनी तोडून टाकतात. पण लोहाची दारं त्यांना सहजी बंद करता येत नाहीत, कारण लोहाशिवाय ते वाढूच शकत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी प्रतिजैविकाला लोह पकडणारा तुकडा जोडला. १६६३ मध्ये शिवाजी महाराज पुण्यात लग्नाच्या वरातीच्या आडून शिरले आणि लाल महालातल्या शाहिस्तेखानापर्यंत पोहोचले असं सांगतात. ही योजना त्याच जातीची आहे. पहारेकऱ्यानं स्वतःच दार उघडायचं.

इथंही मातीच आधी पोहोचली होती. मातीतले काही स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू सिडेरोफोरला विष जोडून शेजाऱ्यांना मारतात. असं अल्बोमायसिन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५१ च्या सुमारास वेगळं केलं होतं. माणसानं घडवलेलं या धर्तीचं पहिलं औषध मात्र बऱ्याच वर्षांनी मान्य झालं. जपानच्या शिओनोगी कंपनीच्या सेफिडेरोकोलला अमेरिकेत नोव्हेंबर २०१९ मध्ये परवानगी मिळाली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत, शेवटचा उपाय म्हणून वापरायच्या राखीव गटात घातलं. जीएआरडीपी या जिनेव्हाच्या ना-नफा संस्थेनं २०२२ मध्ये शिओनोगीशी १३५ देशांसाठी परवाना करार केला आणि २०२३ मध्ये ते बनवण्याचं काम चेन्नईच्या ऑर्किड फार्माकडे सोपवलं. म्हणजे हे औषध आपल्या दाराशी येऊन ठेपलं आहे. माझं म्हणणं इतकंच, की ते वाचवायची तयारी आपण ते हातात येण्याआधी करायला हवी.

हे औषध सर्वांवर चालणारं नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. कार्बापेनेम या प्रतिजैविकांनाही न जुमानणाऱ्या जंतूंवरच्या एका चाचणीत सेफिडेरोकोल घेतलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. पर्यायी औषधांच्या गटात ते सुमारे १८ टक्के होते, या गटात ३४ टक्के. हा फरक प्रामुख्यानं अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या रुग्णांत दिसला आणि अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा छापला आहे. एनडीएम हे विकर बनवणाऱ्या काही जंतूंवरही हे औषध अपुरं पडतं. एनडीएम आपल्याकडे किती पसरलं आहे, हे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मार्च २०१० मध्येच दाखवून दिलं होतं. शिवाय लोहाच्या एका दाराच्या जनुकात बदल करून औषध चुकवणारे जंतूही आता सापडले आहेत. भूक आहे म्हणून जंतू कायम फसेल, असं कुणी समजू नये.

म्हणून पहिली गोष्ट तपासणीची. या औषधाचा नेमका परिणाम मोजायचा तर प्रयोगशाळेत जंतूला लोह काढून घेतलेल्या द्रावणात वाढवावं लागतं. तो उपाशी असेल तरच दारं उघडतो. ही सोय आणि ती वापरणारा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ असल्याशिवाय राखीव औषध कुणी लिहू नये. आधी रक्त-लघवीचं कल्चर, मग औषध, आणि राखीव औषधाला संसर्गतज्ज्ञाची लेखी संमती, हा नियम जिल्ह्यातल्या प्रत्येक आयसीयूत भिंतीवर लागावा.

दुसरी गोष्ट आपल्या सीमाभागाची आहे. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जातो, चिकोडी-रायबागचा मिरजेला, खानापूर-चंदगडचा बेळगावला किंवा थेट गोव्यात बांबोळीला. बरं वाटलं नाही की चार दिवसांनी तोच रुग्ण दुसऱ्या शहरात भरती होतो आणि पहिल्या आयसीयूतला जंतू त्याच्याबरोबर प्रवास करतो. तीन राज्यांची आरोग्य खाती वेगळी असली तरी जंतूंचा प्रदेश एकच आहे. म्हणून बेळगाव, कोल्हापूर, मिरज आणि बांबोळी इथल्या मोठ्या रुग्णालयांनी कुठला जंतू कुठल्या औषधाला दाद देतो, याचा एकत्र तक्ता दर सहा महिन्यांनी काढावा आणि गडहिंग्लज-निपाणीच्या छोट्या दवाखान्यांपर्यंत पोहोचवावा. सीमेचा प्रश्न कोर्टात आहे, तो तिथं सुटेल. या तक्त्यासाठी कुणाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

हे काम आपल्याला झेपणारं आहे. बाळंतपणात अ‍ॅझिथ्रोमायसिनचा एकच डोस देऊन मातांचा सेप्सिस टाळता येतो का, हे पाहणाऱ्या सात देशांच्या चाचणीत बेळगावचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय होतं, नागपूरही होतं. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. २९,००० हून अधिक बायकांत सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण २.४ वरून १.६ टक्क्यांवर आलं. प्रत्येक डोस आणि प्रत्येक ताप नोंदवून जगाला उपयोगी पडेल असं ज्ञान उभं करण्यात बेळगावचा वाटा आहे. ती शिस्त रोजच्या वॉर्डात आणायची आहे.

तिसरी गोष्ट तुमची-माझी. २०१४ पासून कार्बापेनेम आणि नव्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनच्या विक्रीची नोंद तीन वर्षं जपणं औषध दुकानदारावर बंधनकारक आहे. २०१९ पासून कोंबड्या-जनावरांना कोलिस्टिन हे प्रतिजैविक द्यायला बंदी आहे. कायदे आहेत, ते पाळले जातात का हे आपण विचारायला हवं. सर्दीला चिठ्ठीशिवाय गोळी मागू नका. गोठ्यातल्या दगडीला पशुवैद्याला बोलवा, मागच्या वर्षीची उरलेली सुई टोचू नका. साध्या औषधांची धार टिकली तरच राखीव औषध राखीव राहील. ते चेन्नईहून इथं पोहोचेल तेव्हा त्याची नोंदवही, तपासणी आणि नियम तयार असावेत, आणि ही मागणी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आजच जावी.