आवाज नेमका कोठे फाटतो?

स्तवनांच्या आणि रासांच्या जुन्या पोथ्यांत ढाळेच्या माथ्यावर ‘देशी’ लिहिलेली आढळते. देशी म्हणजे चाल. मात्र तेथे स्वरलिपी नसते. त्या काळी सर्वांच्या ओठांवर असलेल्या एखाद्या गीताचा पहिला चरण तेवढा दिलेला असतो. ते मूळ गीत ज्याच्या कानांवरून कधी गेलेच नाही, त्याला ही नोंद वाचून चालीचा काहीच बोध होत नाही. शब्द कागदावर आणि चाल कंठात, अशी ही वाटणी आहे. चाल पुढच्या पिढीकडे जाते ती वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या स्वरात स्वर मिळवूनच.

आता ते शेजारी बसणेच दुर्मीळ झाले आहे. पेढी सांगलीत, थोरला मुलगा पुण्यात, मुलगी बेंगळुरूला आणि नात न्यू जर्सीत, असे एक कुटुंब धरावे. व्यापारी घरांत असे चित्र आज नवे नाही. पर्युषणापूर्वी किंवा दशलक्षणापूर्वी अशी कुटुंबे संगणकासमोर बसून स्तवनांचा एकत्र सराव करू पाहतात. (सामायिकात विजेच्या उपकरणांना स्थान नाही, येथे विचार आहे तो केवळ सरावाचा.) बहुधा पहिल्याच संध्याकाळी हिरमोड होतो. आजींचा स्वर वर चढला की फाटतो, पेटीचा सूर मध्येच विरून जातो, झांज वाजताच कानठळ्या बसतात आणि कोणाचा तरी आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. ‘नेट खराब आहे’ असा निकाल देऊन सगळे उठतात. पुष्कळदा बिचारे नेट निर्दोष असते.

रोजमेळ जुळला नाही तर जाणता मुनीम सगळी वही नव्याने लिहावयास घेत नाही. कोणत्या पानापर्यंत बेरीज बरोबर आहे हे तो आधी पाहतो. फरक त्याच्या पुढेच असणार. ध्वनीचेही तसेच आहे. कंठातून माइकमध्ये, माइकमधून यंत्रातील आकड्यांत, तेथून प्रोग्राममध्ये, मग राउटर, मग सर्व्हर आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या हेडफोनमध्ये, असा त्याचा प्रवास असतो. तेव्हा पहिला प्रश्न एकच: बिघाड कोणाला ऐकू येतो? एकाचाच आवाज सर्वांना फाटका ऐकू येत असेल तर दोष त्या एकाच्या घरी आहे. सर्वांचा आवाज एकालाच फाटका वाटत असेल तर दोष त्या ऐकणाऱ्याकडे. सर्वांना सर्वांचाच तसा वाटत असेल तर मधल्या सर्व्हरकडे पाहावे. या एका चौकशीने निम्मा घोळ मिटतो. त्यानंतर ज्याच्याकडे दोष दिसतो त्याने नेट बंद करून आपलाच आवाज त्याच यंत्रावर ध्वनिमुद्रित करून ऐकावा. तेथेही तो फाटलेला असेल तर नेटचा संबंधच उरला नाही.

घरातल्या घरात आवाज फाटण्याचे मुख्य कारण म्हणजे माइकची पातळी, अर्थात गेन, प्रमाणाबाहेर वाढवलेली असणे. संगणक ध्वनी आकड्यांत मोजतो. सोळा बिटांच्या मापनात वरची मर्यादा 32,767 आणि खालची उणे 32,768. स्वर त्यापलीकडे गेला की यंत्र पुढचे लिहीतच नाही; लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि कानाला ती खरखर वाटते. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ऐकणारा आपल्या बाजूचा व्हॉल्यूम कमी करतो आणि खरखर जाईल अशी आशा धरतो. ती जात नाही, केवळ हळू ऐकू येते. कापला गेलेला माथा पुढे कोणालाही जोडता येत नाही. दुरुस्ती उगमापाशीच करावी लागते. सर्वात मोठ्याने गावयाची ओळ गाऊन पाहावी आणि मीटरचा काटा लाल पट्ट्यापासून पुष्कळ खाली, उणे बारा डेसिबलच्या आसपास, राहील इतका गेन ठेवावा. म्हणजे पूर्ण क्षमतेच्या सुमारे पाव भाग. झांज आणि तबल्याची थाप क्षणात उसळी घेतात; ही वाद्ये माइकपासून चार हात दूर बरी.

पेटीचा सूर विरतो त्याचे कारण निराळे, आणि थोडे चमत्कारिक आहे. झूमसारखे प्रोग्राम बैठकीतील बोलण्यासाठी घडवलेले आहेत. पंखा, मिक्सर, रस्त्यावरची घरघर असा एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असे गृहीत धरून ते तो पुसून टाकतात. तंबोरा, श्रुतिपेटी आणि पेटीचा धरलेला सूरही एकसारखाच चालतो! यंत्राच्या हिशेबी तंबोरा आणि पंखा यांत फारसा भेद नाही. शिवाय प्रतिध्वनी टाळण्यासाठी हे प्रोग्राम दोघे एकदम बोलू लागले की एकाला दाबतात. संभाषणात ते सोयीचे, समूहगायनात घातक. म्हणून झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ ही सोय चालू करावी आणि बैठक सुरू झाल्यावर ती खरोखर लागली आहे ना, हे पडद्यावर पाहावे. ही सोय वापरताना प्रत्येकाने हेडफोन लावणे अगत्याचे आहे. नाहीतर स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिटी वाजू लागते.

हेडफोन तारेचाच असावा. ब्लूटूथ हेडफोनवर नुसते गाणे ऐकताना आवाज सुरेख वाटतो, परंतु त्याचाच माइक चालू होताच बहुतेक संच टेलिफोनच्या दर्जावर उतरतात. डब्यातून आल्यासारख्या आवाजाचे हे एक नेहमीचे कारण. शिवाय ब्लूटूथमुळे होणारा उशीर वेगळाच.

झूमपेक्षा चांगला मार्ग हवा असेल तर खास संगीतासाठी केलेले प्रोग्राम आहेत. फोल्कर फिशर यांनी तयार केलेला जॅम्युलस विनामूल्य मिळतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ख्रिस चेफ आणि हुआन-पाब्लो कासेरेस यांच्या कामातून उभा राहिलेला जॅकट्रिप हा दुसरा. येथे आवाजाची छाटणी होत नाही, पण नव्या अडचणी येतात. ध्वनी बारीक तुकड्यांत पाठवला जातो. सेकंदाला 48,000 नमुने घेतले आणि तुकडा 64 नमुन्यांचा ठेवला तर एक तुकडा सव्वा मिलिसेकंदाहून किंचित मोठा होतो. इतक्या घाईचे काम जुन्या लॅपटॉपला झेपले नाही की तुकडे चुकतात आणि कटकट ऐकू येते. तेव्हा तुकडा 128 किंवा 256 नमुन्यांचा करावा, लॅपटॉप बॅटरीवर न चालवता चार्जर लावून ठेवावा आणि बाकीचे प्रोग्राम बंद करावेत. विंडोजवर साध्या ड्रायव्हरऐवजी एएसआयओ ड्रायव्हर वापरावा. सर्व ठिकाणी नमुन्यांचा वेग 48,000 आहे याचीही खात्री करावी. एका ठिकाणी 44,100 राहिला तर खरखर होते. क्वचित पट्टीच बदलते आणि काळी एकचे गाणे पांढरी दोनच्याही पुढे सरकते.

ध्वनिमुद्रण स्वच्छ, यंत्र निवांत, आणि तरीही आवाज तुटत असेल तरच नेटवर संशय घ्यावा. त्यातही आधी वायफाय. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅन केबल जोडणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे. महागडा माइक घेण्यापूर्वी तो करून पाहावा. महिन्याचा प्लॅन वाढवल्याने फारसे साधत नाही, कारण संगीताला वेगापेक्षा नियमितपणा लागतो. उशिरा आलेला तुकडा वाजवण्याची वेळ निघून गेलेली असते. तो टाकूनच द्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र बिघाड नसून निसर्गाचा नियम आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. दहा मीटर अंतरावरचा गायक जवळजवळ 29 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. साधारण इतकाच उशीर माणसाला एकत्र गाताना सोसतो, त्यापुढे लय ओढली जाते. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सांगली, पुणे, बेंगळुरू ही अंतरे त्या हिशेबात काही मिलिसेकंदांची. हे तिघे उत्तम जोडणीवर खरोखर एका लयीत गाऊ शकतात. न्यू जर्सीचे अंतर बारा हजार किलोमीटरहून अधिक, म्हणजे एकेरी प्रवासालाच किमान साठ मिलिसेकंद. तेथे कोणतेही यंत्र घेतले तरी टाळ जुळणार नाही. त्यासाठी नातीला दोष देऊ नये, आणि लॅपटॉप बदलण्याचा खर्चही करू नये.

तिच्यासाठी वेगळी तजवीज करावी. बैठकीत तिने आपला माइक बंद ठेवून आजींच्या सोबत गावे; तिला लय बरोबरच वाटेल, कारण आजी आणि पेटी तिच्याकडे एकाच वेळी पोहोचतात. मग आजी थांबतील आणि ती तेच कडवे एकटी म्हणून दाखवील. चाल कोठे घसरली ते आजींना तेव्हा कळेल. घेणे आणि देणे आळीपाळीने. शिवाय आजींचे गाणे त्यांच्याच यंत्रावर, गेन नीट बेताचा ठेवून, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये वेगळे मुद्रित करावे. ती फाइल व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नये, तेथे ती दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. फाइलच्या नावात स्तवनाची पहिली ओळ, पट्टी आणि आजींना आठवत असल्यास देशीही लिहावी.