सातासमुद्रापार आणि पैनगंगेपार

परदेशस्थ मराठी माणसाचे कौतुक हा आपल्या वाङ्मयीन व्यवहारातील एक नित्यविधी होऊन बसला आहे. २००९ साली पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन अमेरिकेत सॅन होजे येथे भरले. दुसरे २०१० मध्ये दुबईला आणि तिसरे २०११ मध्ये सिंगापूरला. पुढे महाराष्ट्र शासनाने स्वतःच २०२३ पासून मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे विश्व मराठी संमेलने भरविली आणि देशोदेशींच्या पाहुण्यांचे अगत्याने स्वागत केले. या कौतुकाशी आमचे भांडण नाही. उत्तर अमेरिकेतील मराठीजनांनी १९८१ मध्ये शिकागोला बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून मॉरिशसला नेल्या गेलेल्या कोकणी माणसांच्या वंशजांनी उसाच्या मळ्यांत राबून आपला गणपती आणि आपली भजने टिकविली. या गोष्टींचा अभिमान आम्हांसही वाटतो. आमचे भांडण आहे ते 'महाराष्ट्राबाहेरचा मराठी माणूस' या शब्दांच्या नकळत आकुंचित होत गेलेल्या अर्थाशी. हे शब्द उच्चारताच आज डोळ्यांसमोर विमानतळ उभा राहतो. पैनगंगेचा पूल उभा राहत नाही.

आम्ही त्या पुलाच्या दक्षिणेस राहतो. आदिलाबाद जिल्ह्यातील बेला, जैनथ, तामसी, तलमडगू या मंडलांत, आणि पूर्वी याच जिल्ह्यात असलेल्या परंतु २०१६ च्या पुनर्रचनेत निर्मल जिल्ह्यात गेलेल्या भैंसा, मुधोळ, तानूर या भागांत घरोघरी मराठी बोलली जाते. आमच्या पूर्वजांनी जहाज धरले नाही, पारपत्र काढले नाही, गावही सोडले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, राजुरा प्रथम नांदेडकडे आणि १९५९ मध्ये चांद्याकडे. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला व २ जून २०१४ पासून तेलंगणात आला. माणसे जागच्या जागी राहिली आणि राज्य त्यांच्या पायांखालून सरकले. स्थलांतर न करता स्थलांतरित झालेला हा समाज आहे. आमच्या रेल्वेचीच गंमत पाहावी. आदिलाबादहून हैदराबादला रेल्वेने जायचे तर आजही गाडी आधी किनवटमार्गे महाराष्ट्रात शिरते. आमची माणसे माहूरला रेणुकेच्या दर्शनास जातात, तिकडची बासरला सरस्वतीपुढे लेकरांच्या हाती पाटी देण्यास येतात. देवदर्शनाला सीमा आड येत नाही. शाळा, दाखला आणि नोकरी यांनाच ती आड येते.

दूरच्यांचे कौतुक आणि जवळच्यांचा विसर हा दोष केवळ आपलाच आहे असे नाही. कोरियाचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. दक्षिण कोरियाने १९९९ मध्ये परदेशस्थ कोरियनांसाठी एक कायदा केला. मायदेशी येऊन राहणे, मालमत्ता घेणे, व्यवहार करणे त्यांना सुलभ व्हावे हा त्याचा हेतू. परंतु त्यातील व्याख्या अशी होती की, १९४८ मध्ये प्रजासत्ताक स्थापन होण्यापूर्वी देश सोडून गेलेल्यांचे वंशज तीतून वगळले गेले. म्हणजे अमेरिकेतील सुस्थित कोरियन आत आणि चीनमधील शेतकरी कोरियन बाहेर. १९३७ मध्ये स्टालिनच्या हुकमाने ज्या सुमारे पावणेदोन लाख कोरियनांना रशियाच्या अतिपूर्वेकडून आगगाड्यांत भरून कझाकस्तान व उझबेकिस्तानच्या माळरानांवर नेऊन सोडले, त्यांची नातवंडेही बाहेर. ज्यांनी उजाड माळावर भातशेती उभी केली आणि १९३८ पासून आपल्या भाषेतील वृत्तपत्र चालविले, त्यांना मायदेशाच्या कायद्याने ओळखच दिली नाही. अखेर २००१ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने हा भेद समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविला आणि २००४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. २०२३ मध्ये तर परदेशस्थ कोरियनांसाठी स्वतंत्र शासकीय यंत्रणा निर्माण झाली. एवढ्याने सारे सुरळीत झाले असे नव्हे. मध्य आशियातून परतलेले अनेक कोरियन आजही कारखान्यांत हलक्या कामावर आहेत आणि मायबोली त्यांना नव्याने शिकावी लागते. परंतु श्रीमंत आप्त आणि गरीब आप्त असा भेद कायद्याने करता येणार नाही, एवढे तरी त्या देशाने स्वतःच्या तोंडून मान्य केले. आपण ते अद्याप मान्य केलेले नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे असा भेद करणारा कायदा कोठे आहे? कायदा नाही, परिपाठ आहे. कर्नाटकातील ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे आणि ज्यांचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तेथील मराठी भाषकांना महाराष्ट्र शासन शिक्षणात व नोकरीत सवलती देते. २०२३ मध्ये आरोग्य योजनेचा लाभही त्यांना देऊ करण्यात आला. हे योग्यच आहे. जिवती तालुक्याच्या डोंगरातील चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात, म्हणून तेथील रहिवाशांकडे दोन राज्यांच्या शिधापत्रिका आहेत आणि दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत त्यांची नावे आहेत. जेथे जमिनीचा वाद आहे तेथे सरकारे धावून जातात. जेथे जमिनीचा वाद नाही, केवळ भाषा आहे, तेथे कोणीच येत नाही. आमचा अपराध इतकाच की आमच्या गावांवर कोणी दावा सांगितला नाही, आणि तो सांगावा असे आमचेही म्हणणे नाही.

आता आमच्या राज्याकडे वळू. राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५० अ आणि ३५० ब हे अनुच्छेद आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय करणे हे राज्यांचे कर्तव्य ठरले आणि त्यावर देखरेख ठेवण्यासाठी विशेष अधिकारी नेमला गेला. त्याआधी १९४९ मध्येच प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी निकष ठरविला होता : शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असली की त्या भाषेचा शिक्षक द्यावा. ज्या भागात एखाद्या भाषेचे लोक पंधरा टक्के वा अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असेही पुढे ठरले. कागद असे उत्तम आहेत. आमच्या राज्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, मराठी पाठ्यपुस्तके छापली जातात, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु शिक्षक निवृत्त झाला की जागा रिकामी राहते. जागा रिकामी राहिली की मुले कमी होतात. आणि मुले कमी झाली की जागाच अनावश्यक ठरते. शाळा बंद करण्याचा हुकूम काढावा लागत नाही, ती आपोआप बंद पडते. २०२२-२३ पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आल्यावर तर या घसरणीस एक प्रतिष्ठित निमित्तही मिळाले.

येथे आम्हांस स्वतःविषयी एक कबुली दिली पाहिजे, कारण तिच्यावाचून हा लेख दांभिक ठरेल. राज्य शासनाच्या सेवेत आमचे आयुष्य गेले. खुर्चीवर असताना एकदा बेल्याकडचा एक वृद्ध शेतकरी मराठीत लिहिलेला अर्ज घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. अक्षर नातवाचे असावे. आम्ही अर्ज वाचला, आम्हांस तो पुरता समजला, आणि आम्ही तो परत केला : तेलुगूत लिहून आणा. गाऱ्हाणे मांडताना संघराज्यात किंवा राज्यात वापरली जाणारी कोणतीही भाषा योजण्याचा अधिकार अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला दिला आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. तरीही आम्ही तो परत केला, कारण मराठी अर्ज स्वीकारला तर हा अधिकारी आपल्या माणसांचा कैवार घेतो असे कोणी म्हणेल, ही भीती. म्हातारा काही बोलला नाही. पिशवीत कागद घालून गेला तो पुन्हा आला नाही. याच जिल्ह्यात हैदराबाद संस्थानच्या सेवेतील सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखा मराठी अधिकारी गोंडांमध्ये वावरला, त्यांची भाषा शिकला, तिचे व्याकरण लिहिले. अर्जदाराची भाषा आत्मसात करणारा तो अधिकारी कोठे आणि स्वतःची मातृभाषाही न ओळखल्याचे सोंग करणारे आम्ही कोठे! ज्या व्यवस्थेवर आम्ही आज टीका करीत आहोत तिचे हात आमचेच होते.

या अनास्थेची किंमत मुले मोजतात. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलीला पुढे आपल्या भाषेत शिकायचे तर सीमा ओलांडून किनवट, पांढरकवडा किंवा नांदेड गाठावे लागते. परंतु १९७४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून आमच्याकडे 'स्थानिक' कोण हे ठरविताना शिक्षण कोठे झाले याला निर्णायक महत्त्व आहे. तिकडे शिकली तर ती येथे परकी ठरण्याची भीती. आणि तिकडे अधिवासाचा दाखला मागितला तर पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवा म्हणतात. तिची मैत्रीण बंजारा तांड्यावरची असेल तर आणखी एक पेच आहे. लंबाडा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत मोडतो, महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींत गणला जातो. नदी ओलांडली की माणूस तोच राहतो, कागदावरची त्याची ओळख मात्र गळून पडते. न घरचा न दारचा अशी अवस्था यालाच म्हणतात.

आमच्यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, ज्या राज्यात राहता त्याची भाषा शिका. तो मान्य आहे. तेलुगूचे अध्यापन सर्व शाळांत सक्तीचे करणारा २०१८ चा कायदा आम्हांस न्याय्य वाटतो. आमच्या मुलांना उत्तम तेलुगू आलीच पाहिजे. पण तेलुगू शिकणे याचा अर्थ मराठी विसरणे असा होत नाही. दुसरा आक्षेप असा की, हा प्रांतभेदाचा विखार आहे. तर आमचे स्पष्ट म्हणणे असे की, जे आम्ही बेला-जैनथच्या मराठी मुलासाठी मागतो तेच सिरोंच्याच्या आणि सोलापूरच्या तेलुगू मुलाला महाराष्ट्राने दिले पाहिजे. आणि उटनूरच्या गोंड व कोलाम मुलाला, ज्याची भाषा आम्हां दोघांच्याही आधीची आहे, ते सर्वांत आधी मिळाले पाहिजे. तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा व सर्वांत खरा आहे : तुमचीच मुले मराठी शाळेत कोठे आहेत? आमच्यातील वकील, डॉक्टर, व्यापारी आणि आमच्यासारखे पेन्शनर यांनी आपली लेकरे इंग्रजी शाळांत घातली आणि मराठी शाळा मजुरांच्या मुलांसाठी सोडून दिली. गणेशोत्सवाच्या मंडपात मराठीचा जयघोष करायचा आणि जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी तिला पाठ दाखवायची, हे आमचे पाप आहे. परंतु सुखवस्तू माणसाने भाषा सोडली म्हणून मजुराच्या मुलाचा हक्क बुडत नाही.

तेव्हा आमचे मागणे थोडके आणि नेमके आहे. तेलंगण शासनाने चाळीस आणि दहाचा निकष प्रामाणिकपणे लावून मराठी शिक्षकांच्या जागा भराव्यात आणि मराठी अर्ज परत करू नये. महाराष्ट्र शासनाने सीमेवरील ८६५ गावांना दिलेल्या शैक्षणिक सवलती आदिलाबाद, निर्मल व आसिफाबाद या जिल्ह्यांतील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनाही द्याव्यात. नांदेड, अमरावती व गोंडवाना या विद्यापीठांत आणि रिद्धपूरच्या नव्या मराठी भाषा विद्यापीठात त्यांच्यासाठी काही जागा राखाव्यात. आणि साहित्य संस्थांनी? त्यांनी काखेत कळसा असताना गावाला वळसा घालू नये. १९३१ चे साहित्य संमेलन केतकरांच्या अध्यक्षतेखाली हैदराबादला झाले होते. अमेरिकेत शिकून आलेल्या त्या ज्ञानकोशकाराला निजामाच्या राजधानीतील मराठी माणूस दूरचा वाटला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्याकडेही पेढे वाटले गेले. पेढे वाटून झाल्यावर एका शाळेच्या शिक्षकाने आम्हांस विचारले, "साहेब, आता तरी दुसरा मास्तर मिळेल का?" पाच वर्गांना तो एकटा शिकवितो.

आम्हांस उत्तर देता आले नाही. ज्यांना देता येईल त्यांनी ते द्यावे, एवढ्यासाठी हे लिहिले.