पोर तिसरीत, अकाउंटं सहा

माझी भाची तिसरीत आहे. पुण्यातली बऱ्यापैकी नावाजलेली शाळा (नाव नको). तिच्या नावावर आजमितीला सहा अकाउंटं आहेत. पाढ्यांचं एक, इंग्रजी वाचनाचं एक, क्विझचं एक, गृहपाठाचं एक... उरलेली दोन कशाची, हे ताईलाही धड सांगता येत नाही. सगळीकडे पूर्ण नाव, जन्मतारीख, आईचा मोबाईल नंबर. पासवर्ड म्हणजे नाव आणि पुढे हजेरी क्रमांक, सगळ्या वर्गाचा तसाच! शेजारच्या बाकावरचा चुणचुणीत पोरगा दहा सेकंदांत लॉगिन करेल. आणि शाळेच्या माहितीपत्रकात लिहिलंय, 'सुरक्षित डिजिटल वर्ग'.

या 'सुरक्षित' शब्दाशीच माझं भांडण आहे. पोरांना घाणेरडं काही दिसू नये म्हणून फिल्टर लावला, की शाळेने हात झटकले. फिल्टर हवाच, वाद नाही. पण पोरांचं काय काय बाहेर जातंय, ते कुणी बघायचं?

"अहो, मोठ्या लोकांचं अ‍ॅप आहे, काही होत नाही." बरं. दीक्षा तर थेट केंद्र सरकारचं. जानेवारी २०२३ मध्ये 'वायर्ड'ने बातमी दिली, की त्याचा क्लाऊडवरचा डेटा कुलूप न लावता पडला होता. दहा लाखांहून जास्त शिक्षकांची नावं, फोन नंबर, ईमेल आणि जवळपास सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती. कुलूपच नाही म्हटल्यावर फोडायचं काय? त्याआधी मे २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने ४९ देशांतली दीडशेच्या वर शैक्षणिक उत्पादनं तपासली. दहातली जवळपास नऊ मुलांच्या हक्कांना धोका पोहोचेल अशा रीतीने डेटा हाताळताना दिसली.

कायदा आहे की! आहे ना. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि ही जबाबदारी लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत. आमच्याकडची संमती कशी असते सांगू? रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक येते, 'उद्यापर्यंत सर्वांनी रजिस्टर करावे'. की पटापट अंगठे वर.

बाईंना मी दोष देत नाही. त्यांना वरून आदेश येतो. राग येतो तो आपल्या जमातीचा. क्लायंटचा प्रॉडक्शन डेटा घरी नेला तर नोकरी जाईल हे आपल्याला पाठ असतं. आणि घरी आल्यावर? स्वतःच्या पोराची जन्मतारीख कुठल्याही अ‍ॅपला देऊन मोकळे. पासवर्ड बदलता येतो हो, जन्मतारीख कशी बदलणार?

म्हणजे परत खडू-फळा? मुळीच नाही. पण पहिली ते चौथीच्या मुलाला स्वतःचं अकाउंट लागतच नाही. वर्गात एक पडदा, लॉगिन असेल तर बाईंचं. व्हिडिओ आदल्या दिवशी शेवटपर्यंत बघून ठेवलेला, ऑटोप्ले बंद. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. किविक्सवर मराठी विकिपीडिया उतरवून इंटरनेटशिवाय वाचता येतो. कोलिब्री तर नेट नसलेल्या शाळांसाठीच बनवलंय, शाळेतल्याच एका संगणकावर चालतं.

"मग प्रत्येकाची प्रगती कशी कळणार?" वही तपासून, जशी आपली कळायची. अगदी अ‍ॅपच हवं असेल तर मुलांना मोर, ससा, खार अशी नावं द्या. ससा म्हणजे कोण, ते बाईंच्या कपाटातल्या कागदावर राहू दे. यालाच आपण ऑफिसात भारी इंग्रजी नाव देऊन क्लायंटला बिल लावतो.

गेल्या महिन्यात ताईने शाळेला लेखी विचारलं: कुठली माहिती कुणाकडे जाते, किती दिवस राहते आणि मुलीने शाळा सोडली की ती कोण पुसणार? उत्तरादाखल अ‍ॅपवाल्या कंपनीचं माहितीपत्रक आलंय. बारा पानी, चकचकीत. ताईने दुसरं पत्र लिहायला घेतलंय.