लखनऊ, लखनौ आणि संगणकाचा साचा

लखनौला एका कार्यालयात ऑनलाइन अर्जाची चाचणी चालली होती. शेजारच्या हिंदी सहकाऱ्याने शहराच्या रकान्यात ‘लखनऊ’ लिहिले. अर्ज पुढे सरकला. मी सवयीने ‘लखनौ’ लिहिले. उत्तर आले, ‘अमान्य अक्षर’. हा हिंदीचा आग्रह असावा असे प्रथम वाटले. पण ‘कानपुर’ही नाकारले गेले, तेव्हा खरा दोष कळला.

रकान्यातील मजकूर तपासण्यासाठी आज्ञावलीत अक्षरांचा एक साचा लिहिलेला असतो. त्यास रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. येथे तो ‘अ ते ह’ असा होता. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व हलन्त यांना स्वतंत्र क्रमांक आहेत आणि ते या पट्ट्याबाहेर पडतात. ‘लखनऊ’मध्ये यांपैकी एकही चिन्ह नाही, म्हणून तेवढेच उत्तीर्ण झाले! इंग्रजी ‘ए ते झेड’च्या सवयीने देवनागरीकडे पाहिल्याचा हा परिणाम. आपले ‘कुऱ्हाडे’ वा ‘गोऱ्हे’ तर आणखी अवघड. तेथे कधी कधी एक अदृश्य जोडचिन्हही टंकले जाते.

साचा मुळात वाईट नाही. पॅन म्हणजे पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर. पिनकोड सहा अंकी, शून्याने सुरू न होणारा. हे क्रमांक शासनयंत्रणेनेच ठरविलेले असल्याने त्यांचा साचा तिला ठाऊक असतो. चूक जागच्या जागी कळली तर अर्जदाराचा हेलपाटा वाचतो. नाव मात्र शासनाने दिलेले नसते. उत्तर प्रदेशात केवळ एकच नाव लावणारी माणसे भेटतात. आडनावावाचून पुढे न जाणारा अर्ज त्यांना खोटे आडनाव लिहावयास लावतो.

प्रशासक म्हणून मला अधिक गंभीर वाटते ते वेगळेच. बाबूने कागदी अर्ज नाकारला तर शेरा राहतो, दाद मागता येते. येथे अर्ज दाखलच होत नाही. त्यामुळे नकाराची नोंद नाही आणि अपीलही नाही. आकडेवारीत सारे सुरळीत दिसते.

म्हणून क्रमांकांसाठी साचा कडक असावा, नावांसाठी सैल. मात्रा व जोडचिन्हे मान्य असावीत. शंकास्पद नाव न अडविता अर्ज दाखल करून घ्यावा आणि ते नाव अधिकाऱ्यासमोर ठेवावे. आणि चाचणीसाठी ‘लखनऊ’ न लिहिता ‘कुऱ्हाडे’ लिहून पाहावे.