डोंगर आहे, माणसं कुठंयत?

अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय उद्यानांची जुनी पोस्टरं लोक आज दिवाणखान्यात टांगतात. १९३८ ते १९४१ची. मंदीत सरकारनं कामाला लावलेल्या चित्रकारांची. मोजके सपाट रंग, ठसठशीत अक्षरं. हात पक्का होता, मान्य! पण ग्लेशियरचं पोस्टर बघा. डोंगर आहे, ब्लॅकफीट नाहीत. पूर्वेकडचा पट्टा त्या कंगाल केलेल्या आदिवासींनी १८९५ला विकला, तो शिकारीचा नि लाकडाचा हक्क राखून. १९१०ला उद्यान झालं नि हक्क बुडवले. 'या, बघा' म्हणणाऱ्या याच खात्यानं व्हर्जिनियातल्या शेनानडोह उद्यानात काळ्यांसाठी लुइस माउंटन वेगळं काढलं. महारवाडा काढावा तसं! वर पाटीही ठोकली. हा भेद पुरता मोडायला १९५० उजाडलं. ती पाटी फ्रेम करून विकणारा मला अजून भेटला नाही.