गिऱ्हाईक भांडतंय? आधी तुमची पाटी वाचा



"सर, नवीन आयटम काढला आणि जुनी गिऱ्हाइकंच भांडायला लागली. बंद करून टाकू का?" आपल्या मांजरीच्या बॅचमध्ये हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. कोणाचा मसाला असतो, कोणाची पोळीभाजी, कोणाचं शिवणकाम. प्रश्न तोच.

बहुतेक ट्रेनर यावर सांगतात की फीडबॅक घ्या, सर्व्हे करा, सॅम्पल वाटा. ते करा, माझी ना नाही. पण माझं मत वेगळं आहे आणि ते सांगण्यासाठी मला एका रेकॉर्डची गोष्ट सांगावी लागेल. धंद्याच्या ब्लॉगवर नाट्यसंगीत कुठून आलं म्हणून पान बंद करू नका, दोन मिनिटं थांबा.

रेकॉर्डचं नाव 'मला उमजलेले बालगंधर्व'. गायक कुमार गंधर्व.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. जन्म १८८८. 'संगीत मानापमान' १९११ चं, 'स्वयंवर' १९१६ चं. स्त्रीभूमिका करायचे, आणि त्यांच्या गाण्याने महाराष्ट्र अक्षरशः वेडा झाला होता. आजही पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे, १९६८ साली सुरू झालेलं. तुमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत ही पदं घराघरांत गायली जात. एखादी हरकत इकडची तिकडे झाली तरी ऐकणाऱ्याला कळायचं. म्हणजे धंद्याच्या भाषेत सांगायचं तर असं प्रॉडक्ट, ज्याची चव गिऱ्हाइकाला पाठ आहे.

आता असं प्रॉडक्ट दुसऱ्या माणसाने हातात घेतलं तर काय होईल?

भांडण होईल. झालंच. आणि गंमत म्हणजे अजून संपलेलं नाही. पुण्यात नाट्यसंगीत ऐकणाऱ्या चार जुन्या माणसांमध्ये हा विषय काढा आणि बाजूला बसून ऐका. एक म्हणेल, बालगंधर्वांचा तो सलग वाहणारा गोडवा यात नाही, कुमार मध्येच तोडतात, मध्येच थांबतात, एखादा स्वर टोचून निघून जातात. दुसरा म्हणेल, अरे, पण त्या थांबण्यामुळे तर मला त्या पदातली जागा पहिल्यांदा दिसली. तिसरा म्हणेल, कुमारांचा ख्याल ऐकावा, निर्गुणी भजन ऐकावं, हे कशाला? चौथा काही बोलणार नाही, कारण त्याला दोन्ही आवडतं आणि त्याला भांडायचं नसतं. असा चौथा माणूस प्रत्येक धंद्यात असतो बरं का, आणि तो सर्वेत कधीच सापडत नाही.

या भांडणात विरोध करणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. बऱ्याच मोटिव्हेशनल व्हिडिओंमध्ये सांगतात की लोक नव्याला नावं ठेवतातच, लक्ष देऊ नका. हा सल्ला मला घातक वाटतो. ज्या माणसाने तीस-चाळीस वर्षं एक गाणं कानात जपलंय त्याची त्यात गुंतवणूक आहे. तो ती राखणारच. तुमच्या डब्यातल्या आमटीची चव बदलली म्हणून फोन करणारी मावशी हीसुद्धा तशीच गुंतवणूकदार आहे. तिचा फोन येणं बंद झालं की घाबरा.

आता कुमार गंधर्वांकडे बघू. ते कोण होते हे कळल्याशिवाय रेकॉर्डच्या नावातली करामत कळणार नाही.

मूळ नाव शिवपुत्र कोमकली, जन्म १९२४, बेळगाव जिल्ह्यातलं सुळेभावी. लहानपणी हा मुलगा मोठमोठ्या गायकांच्या रेकॉर्ड ऐकून हुबेहूब तसंच गायचा. लोक थक्क व्हायचे. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याच वयात मिळाली. (दोन्ही 'गंधर्व' ही पदव्याच आहेत, आडनावं नव्हेत. लोकांनी दिलेला ब्रँड म्हणजे काय ते इथे बघा.) पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण झालं. म्हणजे लक्षात घ्या, नक्कल करण्याची ताकद या माणसात दहाव्या-बाराव्या वर्षीच होती. बालगंधर्वांसारखं गाता येत नाही म्हणून वेगळं गायले, असा आरोप इथे टिकतच नाही. कॉपी करता येत असूनही त्यांनी कॉपी विकली नाही.

आणि मग नाव काय ठेवलं? 'बालगंधर्वांची पदं' नाही. 'बालगंधर्वांची आठवण' नाही. 'नवे बालगंधर्व' तर नाहीच नाही. 'मला उमजलेले बालगंधर्व'.

पहिला शब्द परत वाचा. 'मला'. या एका शब्दाने दोन कामं केली. एक, ऐकणाऱ्याला दारातच सांगितलं की आत मूळ माल नाही, मूळ मालाकडे बघणारा एक माणूस आहे. दोन, चूक झाली तर ती कोणाच्या खात्यावर जाईल तेही सांगितलं. बालगंधर्वांच्या नाही, माझ्या. त्यामुळे भांडण झालं, पण फसवणूक झाली असं कोणाला म्हणता आलं नाही. "हे मला आवडलं नाही" आणि "हे मला सांगितलं होतं ते नाही" या दोन तक्रारींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या तक्रारीतलं गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात परत येतं. दुसऱ्या तक्रारीतलं येत नाही, आणि येताना जी चार जणं आली असती त्यांनाही थांबवतं.

माझं मत इतकंच आहे: बहुतेक वेळा लोक तुमच्या नव्या वस्तूवर भांडत नसतात, तुमच्या पाटीवर भांडत असतात.

आता आपल्या मातीतलं उदाहरण घेऊ. समजा तुमचा गोपाळपट्टीत डबा आहे. दोन पोळ्या, भाजी, आमटी, भात. साठ गिऱ्हाइकं, बहुतेक कंपनीत जाणारी मुलं आणि दोन-चार एकटे राहणारे आजोबा. तुम्ही व्हिडिओ बघता, हेल्दी खाणं चालतंय असं दिसतं, आणि एका सोमवारी ज्वारीची भाकरी, कमी तेलाची भाजी आणि भाताऐवजी भगर पाठवता. त्याच डब्यात, त्याच नावाने, त्याच पैशांत. दुपारी एक वाजता फोन सुरू होतात. तुम्हाला वाटतं लोकांना हेल्दी नको आहे. तुम्ही बंद करता.

पण तुम्हाला हे कळलंच नाही की त्या साठातल्या किती जणांना ती भाकरी आवडली असती. कारण त्या दिवशी त्यांनी भाकरी खाल्लीच नाही, त्यांनी हरवलेली पोळी खाल्ली. तीच भाकरी 'हलका डबा' म्हणून वेगळी ठेवली असती, गुरुवारपुरती, आधी सांगून, तर दहा-बारा जणांनी घेतली असती किंवा घेतली नसती. पण जे उत्तर मिळालं असतं ते भाकरीबद्दल असतं.

हीच चूक जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीने केली आहे, त्यामुळे तुम्ही केली असेल तर लाज वाटून घेऊ नका. एप्रिल १९८५ मध्ये कोका-कोलाने अमेरिकेत आपली चव बदलली. त्याआधी जवळपास दोन लाख लोकांना चव देऊन बघितली होती, आणि जास्त लोकांना नवी आवडली होती. तरीही हाहाकार झाला. कारण त्यांनी नवी बाटली जुनीच्या शेजारी ठेवली नाही, जुनी काढून घेतली. तीन महिन्यांच्या आत जुनी चव 'क्लासिक' नावाने परत आणावी लागली. सर्वे बरोबर होता, पाटी चुकली.

कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांचं काहीही काढून घेतलं नाही. जुन्या रेकॉर्ड जुन्या जागी होत्या. ज्याला मूळ हवं त्याने मूळ ऐकावं. शेजारी हे एक.

आणि हे एकदाच जमलेलं नाही. त्यांच्या कार्यक्रमांची नावं बघा: 'गीतवर्षा', 'त्रिवेणी', 'मालव्याची लोकगीतं', 'तुकाराम एक दर्शन'. प्रत्येक प्रयोगाला स्वतंत्र नाव, आणि नावातूनच कळतं की आत काय मिळणार. 'त्रिवेणी'त कबीर, सूरदास, मीरा. पावसाळी गाणी हवी असतील तर 'गीतवर्षा'. लोकधुनांमधून त्यांनी नवे राग बांधले तर त्यांनाही नवी नावं दिली: मालवती, लगनगंधार, संजारी. जुन्या रागाच्या नावाखाली नवा माल सरकवला नाही. त्यांनी मार्केटिंगचा कोर्स केला होता असं मी म्हणत नाही. पण आपल्यासारख्याने डोळे उघडे ठेवून बघितलं तर यात शिकण्यासारखं भरपूर आहे.

आता माझ्या मताची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर तुम्ही म्हणाल की सर नुसतं लेबल चिकटवायला सांगतात.

प्रत्येक गोष्टीला वेगळी पाटी लावता येत नाही. कुमार गंधर्व जेव्हा साधा ख्याल गायला बसायचे, नेहमीचा राग, नेहमीची मैफल, तेव्हा तिथे 'मला उमजलेला' असं लिहायची सोय नव्हती. आणि तिथला वाद जास्त कडवा होता. हे कोणत्या घराण्याचं गाणं, विलंबित नीट का मांडत नाहीत, तुकडे तुकडे का, असं खूप ऐकून घ्यावं लागलं. तिथे नावाने काही होत नाही. तिथे वेळ लागतो, आणि वेळ घालवायला घरात पैसा लागतो.

तो कुठून आला हे मुद्दाम सांगतो, कारण यशोगाथेत हा भाग गाळतात. तेविसाव्या वर्षाच्या आसपास त्यांना क्षय झाला. १९४८ साली हवापालटासाठी मध्य प्रदेशातल्या देवासला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं, आणि पुढची पाच-सहा वर्षं मैफल नाही. गाणाऱ्या माणसाची पाच-सहा वर्षं कमाई बंद! त्या काळात त्यांच्या पत्नी भानुमती यांनी शाळेत नोकरी केली आणि घर उभं ठेवलं. अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीतं ऐकली, मनात साठवली, आणि पुढचं सगळं वेगळं गाणं त्यातून आलं. १९९० मध्ये पद्मविभूषण मिळालं, पण तो आकडा बघताना शाळेतला तो पगार विसरू नका. तुमच्या प्रयोगाचा खर्च कोण उचलतंय? बायकोचा पगार, वडिलांची पेन्शन, की जुन्या डब्याचं मार्जिन? हे वहीत लिहिल्याशिवाय प्रयोग सुरू करू नका.

उलट उदाहरण खुद्द बालगंधर्वांचंच आहे. गाणं देवाघरचं, पण गंधर्व नाटक मंडळीचा खर्च राजेशाही. १९२० च्या 'द्रौपदी'ची नेपथ्यं आणि पोशाख यांवर प्रचंड पैसा गेला आणि कंपनी कर्जात बुडाली. प्रेक्षक खूश होते, टाळ्या पडत होत्या, आणि कर्ज होतं. टाळी म्हणजे वसुली नव्हे, हे आपल्या कॉस्टिंगच्या व्हिडिओत मी पुन्हा पुन्हा बोलतो ते याचसाठी.

पाटीचं अजून एक उदाहरण अगदी आपल्या दारातलं आहे. सोलापूर रोडवर राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे ना, तिथे 'मांजरी मेडिका' नावाचा द्राक्षाचा वाण तयार झाला. आपल्या गावाचं नाव लागलंय त्याला. हा वाण रसासाठी आहे, त्याचा गरसुद्धा रंगीत असतो. आता तीच द्राक्षं कोणी उपबाजारात खायची द्राक्षं म्हणून टोपलीत मांडली, तर गिऱ्हाईक नाक मुरडणारच. त्याला थॉमसन सीडलेसची सवय आहे. पण रसाचं द्राक्ष म्हणून, गडद रस ग्लासात दाखवून विकायला बसलात तर तोच रंग तुमचा सेलिंग पॉइंट होतो. वाण तोच आहे, टोपलीवरची चिठ्ठी बदलली.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. बंद करू का? लगेच नको. आधी तक्रारी लिहून काढा, शब्द जसेच्या तसे, आपल्या मनाने सुधारून नको. मग प्रत्येक वाक्यासमोर एक खूण करा: माणूस वस्तूबद्दल बोलतोय की "आधीसारखं नाही" असं म्हणतोय? "तिखट जास्त झालं", "शिवण उसवली", "उशिरा आलं" हे वस्तूबद्दल आहे, ते मुकाट्याने सुधारा. "पहिल्यासारखं राहिलं नाही", "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती", "हे काय नवीनच" हे पाटीबद्दल आहे. दुसऱ्या प्रकारच्या तक्रारी जास्त निघाल्या तर जुना माल होता तसा परत सुरू करा, नव्याला त्याचं वेगळं नाव आणि वेगळा दिवस द्या, आणि महिनाभर फक्त एकच आकडा मोजा: नवं घेतलेल्यांपैकी दुसऱ्यांदा कितींनी घेतलं. लाइक मोजू नका, "छान आहे हो" मोजू नका.

नाव ठेवताना एक पथ्य. 'न्यू', 'स्पेशल', 'प्रीमियम' हे शब्द टाळा. त्यातून आत काय आहे ते कळत नाही. 'आजीच्या पद्धतीचा' लिहायचं असेल तर आजी खरी असू द्या. 'आमच्या पद्धतीची मिसळ' हे मला 'अस्सल कोल्हापुरी मिसळ' यापेक्षा जास्त आवडतं, विशेषतः तुम्ही कोल्हापूरचे नसाल तर. पहिल्यात तुम्ही जबाबदारी घेताय, दुसऱ्यात कोल्हापूरकराला भांडणाचं आमंत्रण देताय.

या आठवड्यात जमलं तर ती रेकॉर्ड ऐका. आधी बालगंधर्वांचं एक मूळ पद, मग कुमारांचं तेच पद. मला स्वतःला कुमारांचं जास्त आवडतं, पण आमच्या घरातच यावर एकमत नाही. तुम्हाला कोणतं आवडलं ते कळवा, आणि सोबत तुमच्या नव्या आयटमची पाटी जशी आहे तशी लिहून पाठवा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काही पाट्या घेऊन बसू.