स्वच्छतागृहाच्या भिंती आणि सांध्यांचा हिशेब

सार्वजनिक आणि व्यापारी स्वच्छतागृहांच्या भिंतींना कोणते आवरण द्यावे, हा प्रश्न बहुतेक अंदाजपत्रकांत चौरस फुटाच्या दराच्या एका ओळीत मिटवला जातो. मात्र ते आवरण ज्या सांध्यांवर, गिलाव्यावर आणि सफाईपद्धतीवर तग धरणार असते, त्यांचा उल्लेख निविदेत क्वचितच आढळतो. पन्हाळा तालुक्यातील वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात दूध संघ, वारणा बाजार आणि अभियांत्रिकी महाविद्यालय वसले असल्याने, कामगार, ग्राहक आणि विद्यार्थी यांच्या भिन्न गरजा तेथे एकाच दमट पावसाळ्यात तपासून पाहता येतात.

भिंतीसाठी सर्वाधिक वापरली जाणारी चकाकीदार सिरॅमिक टाइल आतून सच्छिद्र असते. भारतीय मानक 15622 च्या वर्गीकरणात अशा भिंतीच्या टाइलचे जलशोषण 10 टक्क्यांहून अधिक, तर व्हिट्रिफाइड, म्हणजे उच्च तापमानाला भाजून जवळजवळ काचेसारख्या घट्ट केलेल्या टाइलचे 0.5 टक्क्यांपर्यंत धरले जाते. दर्शनी चकाकीतून पाणी शिरत नसले तरी सांध्यातून ते मागे उतरते, आणि मिस्त्रीने टाइलच्या पाठीला सर्वत्र मसाला न लावता केवळ चार-पाच ठिकाणी गोळे लावलेले असतील, तर त्या पोकळीत साचून शेजारच्या खोलीच्या गिलाव्यावर ओल आणि लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, उमटवते.

सांध्यांचा दुसरा शत्रू सफाईच्या बाटलीत असतो. प्रचलित टॉयलेट क्लीनरमध्ये साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते टाइलच्या चकाकीला सहसा इजा करत नाही, परंतु सिमेंटचे ग्राउट, म्हणजे सांधे भरण्याचे मिश्रण, आणि चुनखडीजन्य दगड हळूहळू खाऊन टाकते. शहाबादी, कोटा आणि संगमरवर या तिन्हींत कॅल्शियम कार्बोनेट मुख्य असल्याने मुतारीच्या भिंतीला त्यांचा वापर टाळावा. तेथे ग्रॅनाइट टिकते, तर टाइलच्या सांध्यांत आम्लाला दाद न देणारे इपॉक्सी ग्राउट महाग असूनही अखेरीस स्वस्त पडते.

कोरड्या पद्धतीने बसवल्या जाणाऱ्या फलकांत कॉम्पॅक्ट लॅमिनेट, म्हणजे फिनॉलिक राळेत भिजवलेल्या कागदाचे थर उष्णता आणि दाबाखाली एकजीव करून बनवलेला फलक, सर्वांत भरवशाचा आहे. 12 मिलिमीटर जाडीचे असे फलक शौचालयांच्या आडभिंतींना रूढ झाले आहेत, मात्र तीव्र आम्ल त्यांच्या पृष्ठभागावर साचून राहिल्यास कायमचा डाग पडतो. पोकळ पीव्हीसी पट्ट्या पाण्याने खराब होत नाहीत आणि झटपट बसतात, पण धक्क्याने फुटतात आणि जळताना दाट धूर व हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतात, म्हणून गर्दीच्या इमारतींत त्यांचा मोह आवरावा. एमडीएफ, म्हणजे लाकडी तंतू दाबून बनवलेला फलक, कडेने पाणी पिऊन फुगते, त्यामुळे लॅमिनेट चढवलेले असले तरी ओल्या जागी त्याला स्थान नाही.

या गुणदोषांची सांगड वारणानगरसारख्या परिसरातील वापराशी घातली, तर दूध प्रक्रियेच्या कामगारांसाठी कमीत कमी सांधे असलेली मोठ्या आकाराची व्हिट्रिफाइड टाइल आणि इपॉक्सी ग्राउट, वसतिगृहात एकेक फुटली तरी बदलता येईल अशी लहान टाइल, तर बाजारपेठेत टाइलच्या भिंती आणि कॉम्पॅक्ट लॅमिनेटच्या आडभिंती, अशी निवड समर्थनीय ठरते. दिव्यांगांसाठीच्या शौचालयात आधारदांडी माणसाचा भार पेलत असल्याने, तेथे फलकामागे भक्कम भिंत किंवा लोखंडी चौकट आधीच योजावी लागते. फलक लावल्यानंतर ती उणीव भरून काढणे कठीण जाते.

म्हणून वास्तुविशारदांनी आणि कंत्राटदारांनी निविदेत आवरणाच्या नावाबरोबर ग्राउटचा प्रकार, पाठीला मसाला पूर्ण भरण्याची अट आणि मागील जलरोधक थर लिहावा, टाइलवर टकटक करून पोकळ आवाजाची तपासणी झाल्याशिवाय देयक मंजूर करू नये, आणि इमारत सुपूर्द करताना कोणते सफाईद्रव्य कोठे चालेल याचा मराठी तक्ता सफाई कामगारांच्या हाती द्यावा. कारण भिंतीचे आयुष्य रोज ठरवणारा निर्णय त्यांच्याकडूनच होत असतो.